बोरवाडी निरंक

बोरवाडी, ता. १८ जानेवारी १९७४

चि. केरूस आक्काचा जयभीम,

तुझं पत्र नाही म्हणून आबा रोज पोस्टमनची वाट बघत कट्ट्यावर बसतात आणि तो दिसला की उठून सलाम ठोकतात. पलटणीत सुभेदारालाही इतका कडक ठोकला नसेल. तो बिचारा लाजतो. तेव्हा दोन ओळी तरी टाकत जा.

आज मात्र काम आहे म्हणून लिहिते. प्यायच्या पाण्याची सोय नसलेल्या वस्त्यांना सरकार विहीर खोदून देणार आहे. अनुसूचित जातीची पन्नासच्या वर माणसं असलेल्या गावांची यादी ग्रामसेवक घेऊन आला होता. आष्ट्याच्या आजूबाजूची बरीच गावं तीत आहेत, बोरवाडी नाही. विचारलं तर म्हणाला, "बाई, तुमच्या गावात अनुसूचित जातीचं माणूसच न्हाई. वरनं आलेल्या कागदात बोरवाडीच्या म्होरं निरंक लिवलंय."

मी म्हटलं, "निरंक म्हणजे काहीच नाही. मग तुझ्यासमोर बोलते आहे ती कोण?" गडी यादीवरून पुन्हा बोट फिरवायला लागला.

आपल्या वस्तीत एकशे अठरा माणसं आहेत, मीच मोजली. रोज सकाळी सगळ्या बायका वरच्या आळीतल्या नाथाजींच्या विहिरीपाशी घागरी घेऊन उभ्या असतात. कठड्याला हात लावायचा नाही. त्यांच्या घरची बनुबाई मनात आलं की येते आणि वरून ओतते, अर्धं घागरीत आणि अर्धं लुगड्यावर. शाळेत तिचा नातू माझ्यापुढे मांडी घालून बसतो, आणि शाळा सुटली की मी तिच्यापुढे उभी असते. कायदा आष्ट्यापर्यंत आला असेल, पुढची एसटी त्याची चुकलेली दिसते.

तू सांख्यिकी कचेरीत आकड्यांच्या ढिगात बसतोस. आम्ही एकशे अठरा जण कुठं हरवलो ते जरा शोधून कळव.

तुझी आक्का

सातारा, ता. २ फेब्रुवारी १९७४

ती. आक्कास केरूचा जयभीम,

तुम्ही सगळे सापडलात, पण जिथं सापडलात तिथून काढणं अवघड आहे.

एकाहत्तरच्या जनगणनेत अनुसूचित जात फक्त हिंदू आणि शीख माणसापुढेच लिहायची, असा नियम होता. बौद्ध म्हणून नोंद झाली की तो रकाना मोकळा. आपल्या वस्तीतलं प्रत्येक माणूस बौद्ध म्हणून नोंदलेलं आहे, म्हणून बोरवाडी निरंक. शिकायला राज्य सरकारची सवलत आपल्याला मिळते, तिच्यावरच मी शिकलो. पण विहिरींची यादी करणाऱ्याने जनगणनेचं पुस्तक उघडलं, जातीचा रकाना उतरवून घेतला आणि मोकळा झाला. त्याला वाईट वागायचं होतं असं मला वाटत नाही. त्याने विचारलं नाही, इतकंच.

तुला आठवत असेल, प्रगणक गुरुजी आले तेव्हा आबांनी वस्तीची परेडच लावली होती. अंगणं सारवून घेतली, सगळ्यांना धुतलेले कपडे घालायला लावले आणि स्वतः घरोघर गुरुजींच्या मागे उभे राहिले. हरणाबाई घाबरून "जुनंच लिवा" म्हणाली तर तिला केवढ्यांदा ओरडले होते! रात्रंदिवस पाया पडून घेणाऱ्या देवांना सोडून नागपूरला दीक्षा घेतली, ते सरकारच्या पुस्तकात एकदाचं चढलं, म्हणून त्या दिवशी त्यांनी आष्ट्याहून गूळ आणून वाटला होता.

त्यांना यातलं काही सांगू नकोस. ज्या गोष्टीचा त्यांना आयुष्यभर अभिमान, तिच्यामुळेच विहीर गेली, हे त्यांना कळता कामा नये.

मी काय करता येतं ते बघतो.

तुझा केरू

बोरवाडी, ता. ११ फेब्रुवारी १९७४

चि. केरूस जयभीम,

आबांना सांगितलं नाही. पत्र आलं ते त्यांनीच हातात घेतलं होतं. चष्मा सापडेना म्हणून माझ्याकडे दिलं. मी मधला मजकूर गाळून वाचला आणि त्याजागी साताऱ्याच्या थंडीचं चार वाक्यं वर्णन केलं. "एवडी थंडी हाय तर पोराला कांबळं धाड," म्हणाले. तेव्हा कांबळं पाठवते आहे, वापर.

वस्तीत मात्र कुजबुज आहे. शेजारच्या गावात विहिरीचं काम सुरू झालं. बाळासोची बायको पोटुशी आहे, काल घागर घेऊन तासभर उभी राहिली आणि तिथंच खाली बसली. बनुबाई घरात नव्हती. विहीर समोर, पाणी दिसतंय, आणि काढून घ्यायची कुणाची छाती नाही. केरू, मला फार राग येतो रे. कुणावर काढू ते कळत नाही, म्हणून पोरांना पाढे म्हणायला लावते.

नुसतं बघतो म्हणू नकोस. काहीतरी कर.

आक्का

सातारा, ता. ९ मार्च १९७४

ती. आक्कास जयभीम,

केलं. निदान केलं असं आज वाटतंय.

विधिमंडळाची एक समिती या योजनेची पाहणी करत फिरते आहे. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांची साक्ष इथंच झाली. आमच्या साहेबांना बोलावणं होतं आणि बस्ते उचलायला मी. आमदार लोक तापट असतील असं वाटलं होतं. पण समोरच्या पुस्तकातून ते एकेक गाव वाचत होते आणि खरंच समजून घ्यायला बघत होते. हंबीरराव म्हणून एक सभासद आहेत, आपल्याच भागातले. त्यांनी विचारलं, "वाळवा तालुक्यात एवढी गावं निरंक कशी? मी प्रचाराला हिंडलोय, वस्त्या डोळ्यानं बघितल्यात."

साहेबांनी नियम सांगितला. मग हंबीररावांनी विचारलं, "बरं, मग गावागावांत बौद्ध किती ते सांगा." साहेब म्हणाले, धर्माचे आकडे तालुक्यापर्यंतच छापतात, गाववार छापत नाहीत. "म्हणजे ही माणसं तुमच्या पुस्तकात कुठंच नाहीत?" मी मागे उभा होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "आहेत साहेब, माझीच माणसं आहेत."

आमचे साहेब रागावतील असं वाटलं, पण हंबीररावांनी मला पुढे बोलावलं. मी म्हटलं, यादी ठरवण्याआधी आकडे करणाऱ्याला एकदा विचारलं असतं तर हा घोळ झाला नसता. आता तलाठ्यांकडून गाववार नव्याने मोजणी करून घ्या. त्यांना पटलं. समितीने तसं लिहून दिलं. मोजणीचा नमुनाही मलाच करायला सांगितला. मी त्यात "धर्म" आणि "धर्मांतरापूर्वीची जात" असे दोन वेगळे रकाने घातले. म्हणजे आबांचं बौद्धपण तसंच राहील आणि विहीरही मिळेल.

आक्का, दोन वर्षांच्या नोकरीत आज पहिल्यांदा वाटलं की हे काम करण्यासारखं आहे.

केरू

बोरवाडी, ता. २० मे १९७४

चि. केरूस जयभीम,

तलाठी आकाराम काल येऊन गेला. मोजणी झाली, एकशे एकोणीस भरलो. बाळासोला मुलगी झाली.

तू सांगितलेले दोन रकाने कागदात नव्हते. एकच होता आणि वरती छापलेलं होतं, "हिंदू अनुसूचित जातीची कुटुंबे". आकाराम म्हणाला, वर कुणीतरी कागद आखूड केला, जागा पुरत नव्हती म्हणे. आबांनी विचारलं, "बौद्ध कुटं लिवायचं?" तो म्हणाला, "त्याला जागा न्हाई आबा. आन् तुमी जनगणनेला समद्यांचं बौद्ध लिवून घेतलंसा म्हणून तर ही पाळी आली."

मी त्याला डोळ्याने खुणावत होते, पण तोवर बोलून गेला होता. वस्ती सगळी आबांकडे बघत उभी. त्यांनी सही केल्याशिवाय कुणी करणार नव्हतं. आबांनी बाळासोच्या बायकोच्या कुशीतल्या पोरीकडे बघितलं, चष्मा पुसला आणि पहिली सही केली. म्हणाले, "हुकूम पटंना तरी पाय उचलावा लागतोय. लागा रं रांगंला."

त्यांच्यामागे सगळ्यांनी केल्या. तू काळजी करू नकोस, आबा ठीक आहेत. जेवले, आणि लवकर निजले.

आक्का

सातारा, ता. ३ जून १९७४

ती. आक्कास जयभीम,

नमुना बदललेला कळून मला फार वाईट वाटलं. साहेबांशी बोललो. ते म्हणाले, "विहीर होतेय ना? मग रकान्यासाठी वाद घालून ती अडवू नकोस." मलाही ते पटलं. शेवटी कागदच तो. आबांनी समजून घेतलं हे वाचून जीव भांड्यात पडला. मला वाटलं होतं ते उठून जातील. पलटणीत राहिलेला माणूस, कधी कुठं वाकायचं ते त्यांना कळतं.

दोन्ही जिल्ह्यांचे तक्ते मी स्वतः जुळवले. जिथं निरंक होतं तिथं आता माणसं आहेत. बोरवाडीसमोर एकशे एकोणीस लिहिताना मी पेनात नवी शाई भरली, हसू नकोस. हा तक्ता मुंबईला जाईल, आणि कुणी प्रश्न विचारला तर उत्तरासोबत सभागृहापुढे ठेवला जाईल.

पाऊस संपला की खोदाई सुरू होईल. आबांना माझा जयभीम सांग.

केरू

बोरवाडी, ता. १५ मार्च १९७५

चि. केरूस जयभीम,

विहिरीला पाणी लागलं ते तुला मागेच कळवलं होतं. पाणी चांगलं आहे, वस्तीजवळ आहे, आणि बायका आता घागर स्वतःच्या हाताने सोडतात. हरणाबाई तर उगीचच दिवसातून चारदा पाणी काढते आणि अर्धं पुन्हा आत ओतते. ते बघून मी एकटीच हसत बसते.

पण आबा ते पाणी पीत नाहीत.

मी तुझ्यापासून काही लपवलं आहे. सही केली त्या दिवसापासून आबांनी संध्याकाळची वंदना सोडली. आधी मला वाटलं, बरं नसेल. मग विचारलं, तर म्हणाले, "कोंच्या तोंडानं म्हणू?" तरी विहीर झाल्यावर खुलतील अशी आशा होती. खुललेही थोडे. पहिल्या दिवशी कठड्यावर हात ठेवून बराच वेळ उभे होते.

मग गेल्या आठवड्यात वर्तमानपत्र आलं. कुणी एक सभासद सभागृहात म्हणाले की, धर्म सोडून गेलेले लोक आता परत हिंदू होत आहेत, हे आम्ही नाही, सरकारचे आकडेच सांगतात. कालपर्यंत निरंक असलेल्या गावांत आज शेकड्यांनी माणसं आहेत. आणि दाखला म्हणून आपल्या बोरवाडीचं नाव घेतलं. जोतिबा शिंप्याच्या दुकानात कुणीतरी ते मोठ्याने वाचलं. आबा बाहेर उभे होते.

दुसऱ्या दिवशी ते घागर घेऊन निघाले ते नाथाजींच्या विहिरीकडे. मी मागे धावले. म्हटलं, "आबा, आपली विहीर इकडं हाय." तर म्हणाले, "ती हिंदू म्हारांची हाय. मी बौद्ध हाय. माझ्या नावानं निरंक."

बनुबाई विहिरीवरच होती. पेपरातलं तिनेही ऐकलं असणार. अगदी प्रेमाने म्हणाली, "लय बरं केलंसा आबा, परत आपल्यात आलासा." असं म्हणाली, आणि नेहमीसारखंच लांबून, वरून पाणी ओतलं. घागरीला घागर लागू दिली नाही. आबांनी सगळं घेतलं, तिच्यापुढेच घागर पालथी केली आणि माघारी वळले.

आता ते ओढ्यात जातात. ओढा आटलाय. वाळूत हाताने झरा उकरतात, वाटीवाटीने पाणी भरतात आणि तेच पितात. गुरंही तिथंच बसतात रे. मी उकळून देते म्हटलं तर तुझी भांडी त्या विहिरीच्या पाण्यानं धुतलेली, असं काहीतरी बोलले. वस्तीतली माणसं त्यांच्या पाया पडून आली. ते कुणावर चिडत नाहीत. "तुमी प्या, पोरांना पाजा, म्या त्याच्यापायीच सही केलिया," म्हणतात.

तू ये. तुझं ऐकतील.

आक्का

सातारा, ता. २९ मार्च १९७५

ती. आक्कास जयभीम,

पत्र वाचून मी कचेरीतून उठलो आणि टेकडीवरच्या चार भिंती स्मारकापर्यंत चालत गेलो. तिथं बसून रडलो. तो तक्ता माझ्या अक्षरातला आहे, आक्का. त्या सभासदांनी हातात धरून फडकवला असेल तो माझ्या अक्षरातला कागद.

आकड्याखाली टीप घालायला हवी होती, की ही मोजणी विहिरीसाठी आहे आणि ही माणसं बौद्धच आहेत. कच्च्या प्रतीत मी घातली होती. पक्की प्रत करताना ती मला गाळायला लावली. वरच्यांना टीप नको असते, आकडा हवा असतो.

हंबीररावांना जाऊन भेटलो. माणूस भला आहे. ते म्हणाले, "मला विचारलं असतं तर तिथंच उठून खोडून काढलं असतं, मी त्या दिवशी सभागृहात नव्हतो." त्यांनी मंत्र्यांना लिहिलं आणि खुलासा पटलावर ठेवून घेतला. त्याची नक्कल सोबत आहे. "सदर कुटुंबे बौद्ध धर्मीय असून त्यांची नोंद केवळ योजनेच्या प्रयोजनार्थ करण्यात आली आहे." एवढं एकच वाक्य आहे, पण सरकारचं आहे. आबांना चष्मा देऊन त्यांच्या हातात दे, तूच वाचून दाखवू नकोस.

मी लगेच निघालो असतो. मार्चअखेरचं काम आहे, साहेब रजा देत नाहीत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नक्की येतो. तोवर त्यांना सांभाळ. ओढ्याचं पाणी बंद कर, हवं तर भांड.

केरू

बोरवाडी, ता. २६ एप्रिल १९७५

चि. केरूस जयभीम,

तू परवा गेलास. घर फार मोकळं झालं आहे. तू होतास तेव्हा सारखी माणसं येत होती, त्यांच्यादेखत बोलता आलं नाही. तूही विचारलं नाहीस. तार मिळाल्यावर तू धावत आलास, पण आबा तोवर गेले होते, आणि तू त्यांच्या पायाशी बसून "माझ्यामुळं, माझ्यामुळं" एवढंच म्हणत होतास. म्हणून हे पत्र.

तो खुलासा मी त्यांच्या हातात दिला होता. त्यांनी दोनदा वाचला. विचारलं, "ह्ये पेपरात आलंय का?" मी म्हटलं, नाही. "शिंप्याच्या दुकानात वाचलं का कुनी?" नाही म्हटलं. कागदाची नीट घडी करून त्यांनी तो मला परत दिला. "केरूनं लय खटपट केली," म्हणाले. आणि पुन्हा ओढ्याकडे गेले.

मी भांडले, केरू. तू सांगितलंस तशी भांडले. वाटी लपवली, तर हाताच्या ओंजळीने प्यायला लागले. मग जुलाब लागले. आष्ट्याहून डॉक्टर आणला, त्याने सुई दिली, म्हणाला, फार उशीर केलात, अंगातलं पाणी गेलंय. अंगातलं पाणी गेलंय, हे शब्द ऐकून मला हसू आलं की रडू, ते मला आता आठवत नाही.

तू गेल्यावर पोलीस पाटील मयताची नोंद करायला आले होते. धर्म विचारला, मी बौद्ध सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तलाठ्याच्या कागदात तर हिंदू हाय, आबांची स्वतःची सही हाय." मी म्हटलं, तुम्ही बौद्ध लिहीपर्यंत मी तुम्हाला उंबऱ्याबाहेर जाऊ देणार नाही. दारात आडवी उभी राहिले. आबांची लेक आहे मी. त्यांनी लिहिलं, आणि मी वाचून बघितल्यावरच बाजूला झाले.

पण तुला सांगायचं आहे ते वेगळंच.

शेवटच्या दिवशी दुपारी त्यांचे ओठ पांढरे पडले होते. पाणी मागितलं. ओढ्याचं पाणी मी द्यायचं नाही, असं ठरवलं होतं, आणि खोटं बोलायची माझी हिंमत होईना. मी आपल्या विहिरीचं पाणी वाटीत घेतलं आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी विचारलं, "कुटलं?"

मी म्हटलं, "आबा, आपल्या इहिरीचं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, तोंड फिरवतील. मग त्यांनी तोंड उघडलं. मी चमच्याने पाजलं, आणि सगळी वाटी प्यायले. थोड्या वेळाने डोळे मिटूनच म्हणाले, "गोड हाय गं. केरूला कळीव."

म्हणून कळवते आहे.

तुझी आक्का